चॅप्लिन आधी की कीटन?

मूकपटातली धडपड-विनोदाची मजा चाखायला सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की पूर्वी मी बेधडक चॅप्लिन सांगायचो. हल्ली जरा अडखळतो, कारण डोळ्यांसमोर येतो त्याच काळातला दुसरा मूकपट-विनोदवीर, बस्टर कीटन.

चॅप्लिन उणा आहे असं नाही. १९३१ साली, बोलपटांनी बाजार काबीज केल्यावरही त्यानं 'सिटी लाइट्स' हट्टानं मूकच ठेवला, आणि त्याचा शेवट बघताना माझे डोळे अजूनही भरतात. घोडं अडलं ते 'द गोल्ड रश'पाशी. १९२५चा हा चित्रपट त्यानं १९४२ मध्ये पुन्हा काढला, तेव्हा मजकुराच्या पाट्या उडवून स्वतःच्याच आवाजात निवेदन भरलं. मला याची गंधवार्ता नव्हती. रविवारी लेकीला शेजारी घेऊन बसलो. भुकेला चार्ली बूट शिजवतोय, आम्ही हसायच्या बेतात, आणि वरून आवाज सुरू! लेक म्हणाली, "बाबा, हा मध्ये मध्ये का बोलतो? दिसतंय की." नाटकात मागच्या रांगेतला कुणी बायकोला प्रत्येक विनोद फोडून सांगत बसतो ना, अगदी तसं. मूळ मूक प्रतही मिळते, हे कळेपर्यंत लेकीनं चार्लीवर फुली मारली होती.

कीटन मात्र काही म्हणजे काही सांगत नाही. चेहरा मख्ख. 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये (१९२८) घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि माळ्याच्या उघड्या खिडकीतून तो जसाच्या तसा उभा राहतो. भिंत खरीच पाडलेली. 'शेरलॉक ज्युनियर'च्या वेळी पाण्याच्या लोंढ्यानं त्याची मान रुळावर आपटली. हाड मोडलं होतं, हे कळलं कित्येक वर्षांनी.

आता कीटनच्या नायिका बहुधा नावापुरत्याच, हे मान्य. 'द जनरल'चा नायक अमेरिकन यादवीत गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या बाजूनं लढतो, हेही आज खटकतं. रडायचं असेल तर चॅप्लिनच बरा. शिवाय फुकट मिळणाऱ्या प्रतींवर कसलाही पियानो चिकटवलेला असतो; मी सरळ आवाज बंद करतो. कीटनचं त्यात काही बिघडत नाही. 'सिटी लाइट्स'मध्ये मात्र चार्लीनं गिळलेली शिट्टी उचकीसरशी वाजते, ती गंमत हुकेल.

तुमची आवड वेगळी असू शकते. पण 'शेरलॉक ज्युनियर' जेमतेम पाऊण तासाचा आहे, कुकर लावून बसलात तर पानं घेईपर्यंत संपेल. आमच्याकडे त्या भिंतीचा प्रसंग चार वेळा मागे नेऊन पाहिला गेला, पाचव्यांदा मी रिमोट लपवला.