गुप्तहेराला कुठल्या वाड्यात पाठवाल? अमेरिकी दक्षिणेतली तीन झपाटलेली घरं

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी दक्षिणेत घडणारी रहस्यकथा लिहायचं अनेकांच्या मनात घोळत असतं. कुणाला दिवाळी अंकासाठी दीर्घकथा हवी असते, कुणी थेट कादंबरीलाच हात घालतो. वातावरण आयतं मिळतं: ओकच्या फांद्यांवरून लोंबणारं स्पॅनिश मॉस, पांढऱ्या खांबांची लांबलचक ओसरी, दमट रात्र, वरच्या मजल्यावर कुणाची तरी पावलं. घोडं अडतं ते त्यानंतर. घर कुठलं घ्यायचं आणि साल कुठलं?

इथे मी तीन खरी घरं शेजारी शेजारी ठेवतोय. न्यू ऑर्लिन्समधला लालोरी वाडा, जॉर्जियातल्या सव्हाना शहरातलं सॉरेल-वीड हाऊस आणि लुइझियानात सेंट फ्रान्सिसव्हिलचं मर्टल्स. तिन्ही ठिकाणी भुतांच्या कथा सांगितल्या जातात, तिन्ही कुटुंबांत खरोखरचे मृत्यू झालेत, आणि तिन्ही ठिकाणी ऐकीव गोष्ट एक सांगते, दप्तर दुसरंच सांगतं. रहस्यकथेला लागतं ते हेच. पण निवड करताना कुठलं भूत जास्त भीतिदायक, हे पाहू नका. ज्याला खरं काय घडलं ते माहीत आहे, त्या माणसाची साक्ष त्या साली कोर्टात चालत होती का, हे आधी पाहा. माझ्या लेखी सगळी निवड या एका प्रश्नावर होते.

का, ते सांगतो. मिसिसिपीतल्या नॅचेझ गावी मेलरोझ नावाचा वाडा आहे. त्याच्या जेवणघरात टेबलाच्या वर छताला महोगनी लाकडाचा मोठा पंखा टांगलेला आहे, आपल्याकडे साहेबाच्या बंगल्यात दोरी ओढून हलवायचे तसा. दक्षिणेतल्या अशा जेवणघरांत दोरी ओढायला गुलाम मुलगा उभा असे. पाहुण्यांचं जेवण संपेपर्यंत त्याने तिथून हलायचं नाही. कापसाचे भाव, डोक्यावरचं कर्ज, मृत्युपत्रात कोणाचं नाव घालायचं, गोठ्यातल्या गुरांसारखं कोणत्या माणसाला कुणाला विकायचं, सगळं त्याच्या कानावर पडणार. तपास करणाऱ्याला याहून चांगला साक्षीदार कुठे मिळेल? आणि यादवी युद्धाच्या आधी दक्षिणेच्या कायद्याने या मुलाला गोऱ्या माणसाविरुद्ध साक्षच देता येत नव्हती. डिटेक्टिव्हला खरं कळलं तरी तो ते सिद्ध करू शकत नाही. अशा घरात सत्य भूत होऊनच हिंडणार. भुताची गोष्ट आणि गुन्ह्याची गोष्ट इथे एकमेकींत गुंततात.

लालोरी वाडा, 1834

पुरावा सर्वांत भक्कम याच घराचा. 10 एप्रिल 1834 रोजी रॉयल स्ट्रीटवरच्या या घरात आग लागली. सुरुवात स्वयंपाकघरातून झाली आणि तिथे एक वृद्ध स्वयंपाकीण साखळीने बांधलेली सापडली. शेजारपाजारचे लोक मदतीला धावले, गुलामांच्या खोल्यांची दारं फोडली, तेव्हा आत उपाशी, जखमी, छळलेली माणसं मिळाली. दुसऱ्या दिवशी 'द बी' या फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही भाषांत निघणाऱ्या वृत्तपत्राने ती बातमी छापली. न्यायाधीश कॅनाँज यांनी आपण काय पाहिलं याची जबानी दिली. संतापलेल्या जमावाने घराची नासधूस केली. मालकीण डेल्फीन लालोरी घोडागाडीतून निसटली आणि पुढे पॅरिसला पोचली. तिच्यावर खटला कधीच चालला नाही.

रहस्यकथेच्या दृष्टीने अडचण अशी की इथे रहस्यच नाही. गुन्हेगार पहिल्या पानावर माहीत आहे. कथा उरते ती पाठलागाची: ती निसटली कशी, तिला कोणी निसटू दिलं, आधीपासून कुजबुज चालू असताना शहर गप्प का बसलं. ब्रिटिश लेखिका हॅरिएट मार्टिनो दोनेक वर्षांनी न्यू ऑर्लिन्सला आली होती. तिने लिहून ठेवलंय की आगीच्या आधीच एका लहान मुलीचा छपरावरून पडून मृत्यू झाला होता, चौकशी होऊन लालोरीबाईंकडचे गुलाम काढून घेतले गेले होते आणि बाईंनी नातेवाइकांमार्फत ते परत मिळवले. मला विचाराल तर कथा त्या मुलीच्या चौकशीपासून सुरू व्हावी आणि आगीपाशी संपावी.

डिटेक्टिव्ह कोण? 1834 मध्ये हा पेशाच नीट जन्मलेला नव्हता. लंडन पोलिसांची डिटेक्टिव्ह शाखासुद्धा 1842 ची. पॅरिस पोलिसांची सूर्ते ही गुन्हे शोधणारी शाखा मात्र 1812 पासून होती. फ्रेंच बोलणाऱ्या या शहरात तिथून आलेला एखादा माणूस सहज खपून जाईल. त्याच्या जोडीला स्थानिक, स्वतंत्र कृष्णवर्णीय साथीदार द्या. दक्षिणेत इतरत्र न मिळणारी एक सवलत लुइझियानात होती: गुलाम नसलेल्या कृष्णवर्णीयांची साक्ष गोऱ्यांविरुद्धही ग्राह्य धरली जाई. गुलामाला दिसलेलं त्याच्या तोंडून कोर्टात नेता येणार नाही, पण या साथीदाराने स्वतः पाहिलेलं नेता येईल. या एका कलमावर अख्खं कथानक उभं राहू शकतं.

दोन गोष्टी सांभाळा. छळाची जी किळसवाणी वर्णनं आज फिरतात, त्यांतली बरीचशी विसाव्या शतकात मागाहून चिकटवलेली आहेत. 1834 च्या बातम्यांत ती नाहीत. खरं जे आहे ते पुरेसं भयंकर आहे, त्यावर मसाला घालू नका. दुसरं म्हणजे आज उभी असलेली इमारत नंतर पुन्हा बांधलेली, मजला चढवलेली आहे. घर खासगी आहे, ते रस्त्यावरूनच पाहायला मिळतं. आजच्या फोटोवरून 1834 चं घटनास्थळ रंगवलंत तर पंचनामाच चुकेल.

सॉरेल-वीड हाऊस, 1860

सव्हानाच्या मॅडिसन स्क्वेअरवरचं हे घर फ्रान्सिस सॉरेल या व्यापाऱ्याचं. तो मूळचा सँ-दोमिंगचा, म्हणजे आजच्या हैतीचा; गुलामांनी बंड करून जिथे स्वतःचं राष्ट्र उभारलं त्या भूमीत जन्मलेला. पहिली बायको वारल्यावर त्याने तिच्याच बहिणीशी लग्न केलं. गाईड सांगतात ती गोष्ट अशी: सॉरेलचे मॉली नावाच्या गुलाम स्त्रीशी संबंध होते, ते कळल्यावर पत्नी मटिल्डाने सज्जातून उडी घेतली, आणि काही दिवसांनी मॉली मागच्या गाडीखान्यात फासाला लटकलेली सापडली.

आता नोंदी. मटिल्डा 1860 मध्ये खिडकीतून पडून गेली हे खरं. त्या काळच्या एका पत्रात तिने वेडाच्या भरात उडी घेतल्याचा उल्लेख आहे. पण ते घर हे नव्हेच. सॉरेल कुटुंबाने हे घर हेन्री वीडला विकलं होतं आणि ते शेजारच्या घरात राहायला गेलं होतं. इतिहासकार टाया माइल्स यांनी मॉलीचा माग काढायचा प्रयत्न केला, त्यांना तिच्या अस्तित्वाचा पुरावा मिळाला नाही.

कुठल्याही चाणाक्ष लेखकाला इथे धागा दिसेल. मृत्यू एका घरात, भूत दुसऱ्या घरात. ते कोणी हलवलं आणि का? शिवाय साल किती नेमकं आहे पाहा. नोव्हेंबर 1860 मध्ये लिंकन निवडून आला, जानेवारी 1861 मध्ये जॉर्जिया संघराज्यातून फुटलं. उत्तरेकडून आलेला प्रत्येक अनोळखी माणूस तेव्हा हेर वाटायचा.

आणि स्त्री डिटेक्टिव्ह हवी असेल तर हेच साल घ्या. शिकागोच्या पिंकर्टन एजन्सीने केट वॉर्नला 1856 मध्ये नोकरीवर घेतलं. अलाबामातल्या माँटगोमेरीच्या अ‍ॅडम्स एक्स्प्रेस या माल पोचवणाऱ्या कंपनीतल्या चोरीच्या प्रकरणात तिने संशयिताच्या बायकोशी मैत्री जमवून माहिती काढली. तिचा मालक अ‍ॅलन पिंकर्टन गुलामगिरीचा कट्टर विरोधक, त्याने 1859 मध्ये गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउनला मदत केलेली. अशा कचेरीतून आलेली बाई सव्हानाच्या दिवाणखान्यात दक्षिणी ढंगात गप्पा मारत बसली आहे आणि ओळख उघड झाली तर जिवावर बेतणार आहे, एवढ्यावर शंभर पानं सहज निघतील.

खोट एकच, पण मोठी. साक्षीदारांचा प्रश्न इथे सर्वांत बिकट. जॉर्जियात स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही गोऱ्यांविरुद्ध साक्ष देता येत नव्हती. त्यामुळे शेवट न्यायाचा नसणार, फक्त उलगड्याचा असेल. ते पेलायची तयारी असेल तरच इथे पाऊल टाका. आणि मॉलीचा पुरावा नाही म्हणून सॉरेलच्या घरात गुलाम नव्हते असं समजू नका. होते. त्यांच्यापैकी एखाद्याला माणूस म्हणून उभं करणं हे मॉलीचं भूत नाचवण्यापेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

मर्टल्स, 1871

माझी पसंती या घराला, आणि तीही त्याच्या सर्वांत गाजलेल्या भुताला बाजूला ठेवून.

1796 मध्ये डेव्हिड ब्रॅडफर्डने हे घर बांधलं. व्हिस्कीवरच्या करावरून पेनसिल्व्हेनियात 1794 मध्ये बंड झालं होतं, त्यातला हा फरारी पुढारी. हा भाग तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता म्हणून तो इथे लपला. पाया घातला तोच मुळी वॉरंट निघालेल्या माणसाने. पुढे घर त्याचा जावई क्लार्क वुड्रफकडे आलं, आणि इथेच ती प्रसिद्ध गोष्ट येते. क्लोई नावाची गुलाम मुलगी, चोरून ऐकलं म्हणून कापलेला कान, तो झाकायला हिरवा फेटा, आणि वाढदिवसाच्या केकमध्ये कण्हेरीचा अर्क. वुड्रफची बायको आणि दोन मुली केक खाऊन मेल्या, असं सांगतात.

डिटेक्टिव्ह म्हणून हा केक तपासू. कण्हेर विषारी हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. ती उलट्या घडवते आणि हृदयाचे ठोके बिघडवते. विषाचा परिणाम काही तासांत दिसायला लागतो. पण नोंदी सांगतात की सारा वुड्रफ 1823 मध्ये गेली आणि मुलं गेली 1824 मध्ये. एका केकने वर्षभराच्या अंतराने माणसं मरत नाहीत. शिवाय गेलेली मुलं दोन मुली नव्हत्या, एक मुलगा आणि एक मुलगी होती. ऑक्टाव्हिया ही दुसरी मुलगी मोठी झाली. मृत्यूचं कारण पीतज्वर सांगितलं जातं. त्यात तीन-चार दिवस ताप, मग थोडा उतार, मग कावीळ आणि काळी उलटी. घाबरलेल्या घरात विषाचा संशय यायला एवढं पुरतं. क्लोई नावाच्या गुलाम स्त्रीची नोंद मात्र सापडलेली नाही. गोऱ्यांच्या दुखण्याचा दोष काळ्या स्वयंपाकिणीच्या माथी मारणारी ही कथा जशीच्या तशी उचलणं मला पटत नाही. तुमच्या डिटेक्टिव्हने ती ऐकावी, तारखा मांडाव्या आणि ती कोणाच्या सोयीची आहे ते विचारावं.

या घरात दहा खून झाले असं सांगतात. कागदोपत्री सिद्ध होतो एक. जानेवारी 1871 मध्ये विल्यम विंटर या वकिलाला कुणीतरी ओसरीवर बोलावून गोळी घातली. दंतकथेत तो जखमी अवस्थेत जिन्याच्या सतराव्या पायरीपर्यंत चढतो आणि बायकोच्या मिठीत प्राण सोडतो. वृत्तान्तानुसार तो ओसरीवरच गेला. पायऱ्यांवर रक्त आहे की नाही, एवढ्यावरून कोण खोटं बोलतंय ते तुमचा डिटेक्टिव्ह पहिल्याच दुपारी ओळखू शकेल.

आणि साल! यादवी युद्ध संपून सहा वर्षं झाली आहेत. 1866 च्या नागरी हक्क कायद्याने कृष्णवर्णीयांना साक्षीचा हक्क मिळाला आहे. न्यू ऑर्लिन्सच्या मेट्रोपॉलिटन पोलीस दलात काळे आणि गोरे एकत्र नोकरी करताहेत. नायब राज्यपाल ऑस्कर डन स्वतः कृष्णवर्णीय, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो अचानक दगावला तेव्हा विषप्रयोगाची अफवा राज्यभर पसरली. तेव्हा विषाची कथा हवीच असेल तर ती या वर्षात खरोखर उपलब्ध आहे. न्यू ऑर्लिन्सहून निघालेला कृष्णवर्णीय पोलीस सेंट फ्रान्सिसव्हिलच्या पायथ्याशी नदीवर असलेल्या बायू साराच्या धक्क्यावर आगबोटीतून उतरतो, चढ चढून मर्टल्सला येतो, आणि लहानपणी जेवणघरात पंखा ओढणारा, आता तिशीतला माणूस पहिल्यांदाच शपथेवर बोलायला तयार होतो. तो बोलला तर रात्री त्याच्या झोपडीला कोण घेरेल हेही दोघांना ठाऊक आहे. बाकीच्या दोन घरांत हा प्रसंग लिहिताच येणार नाही.

पहिलीच कादंबरी असेल तर मर्टल्स घ्या. हाती कमी शब्द असतील, समजा दिवाळी अंकातल्या दीर्घकथेपुरते, तर सव्हाना. दोन घरं, एक मृत्यू, चार-पाच पात्रं, आटोपशीर होईल. लालोरीला हात घालण्याआधी 1834 ची वृत्तपत्रं बारकाईने वाचायची चिकाटी हवी, नाहीतर तुमच्याही नकळत आधीच्या लोकांच्या बाजारू वर्णनांची नक्कल होईल.

ह्यूस्टन किंवा अटलांटाकडे राहणाऱ्या मराठी लिहित्या मंडळींना ही ठिकाणं गाडीने गाठता येतात. मर्टल्समध्ये तर रात्री मुक्कामही करता येतो. महाराष्ट्रात बसून लिहिणाऱ्यांनीही हिरमुसायचं कारण नाही: 1936 ते 1938 या काळात सरकारी लेखक प्रकल्पाने पूर्वी गुलाम असलेल्या माणसांच्या 2,300 हून अधिक मुलाखती टिपल्या, त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. त्यांत भुतांच्या गोष्टीही आहेत, पण त्या घरात राबलेल्यांनी सांगितलेल्या. प्रत्यक्ष जाणार असाल तर न्यू ऑर्लिन्सहून निघून आधी वॉलेसजवळचं व्हिटनी पाहा. 2014 मध्ये खुलं झालेलं हे मळ्यावरचं संग्रहालय मालकांच्या नाही, गुलामांच्या बाजूने इतिहास सांगतं. तिथे दगडांवर त्यांची नावं कोरलेली आहेत. मर्टल्सची ओसरी त्यानंतर बघा, आणि पात्रांची नावं ठरवायचं काम व्हिटनीत वही उघडूनच करा.