वरच्या सुरांसाठी काय निवडाल: चेस्ट, मिक्स की फॉल्सेटो?

काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी सा धरून) गाणाऱ्या पुरुषाचं मध्य सप्तक बहुधा सुखात पार पडतं. अडचण सुरू होते ती तार षड्जाच्या अलीकडे-पलीकडे. जाड आवाजाच्या बॅरिटोनला ती साधारण तिथेच भेटते, टेनरला, म्हणजे उंच आवाजाच्या पुरुषाला, जरा वर, तार रे ते तार म या पट्ट्यात. गळा आवळतो, हनुवटी वर उचलली जाते आणि सूर एकतर ओरडल्यासारखा लागतो नाहीतर चिरकतो. इथून पुढे जायच्या वाटा तीन.

आधी गळ्यात काय चालतं ते पाहू. स्वरतंतूंच्या आतलाच एक स्नायू त्यांना आखूड आणि जाड ठेवतो, तर दुसरा त्यांना ताणून लांब, पातळ करतो. बोलताना आणि खालच्या सुरांत पहिल्याचा जोर असतो, तो चेस्ट व्हॉइस. (छातीत जाणवतो तो फक्त कंप, आवाज निघतो कंठातूनच.) फॉल्सेटोत हा पहिला स्नायू जवळजवळ सैल पडतो, तंतूंच्या कडाच काय त्या थरथरतात आणि बऱ्याचदा त्या पुरत्या मिटत नाहीत. म्हणून तो आवाज हवाळ, पोकळ लागतो.

चेस्ट तसाच वर ओढणं सगळ्यात मोहाचं, कारण ते मर्दानी वाटतं आणि शिकावं लागत नाही. दोन-तीन सूर मिळतातही. पण हळू गाणं जमेनासं होतं, सूर खाली राहतो, आणि दुसऱ्या दिवशी आवाज बसलेला असतो. ऑपेरात द्युप्रे या फ्रेंच टेनरने 1837 साली पॅरिसमध्ये 'हाय सी' हा सूर (काळी एकमधला तार नी) छातीच्या भरदार आवाजात लावला तेव्हा खळबळ उडाली होती, कारण तोवर टेनर मंडळी तो सूर हलका करूनच घेत. पण आजचे तालमीतले टेनरही तो सूर खालचं सगळं वजन घेऊन लावत नाहीत; अनुनाद इतका जमवलेला असतो की ऐकणाऱ्याला तसं वाटतं.

फॉल्सेटो बहुतेकांना पहिल्या दिवसापासून येतो. वर तरंगणारी, हळुवार ओळ असेल तर तोच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. काउंटरटेनर, म्हणजे बायकांच्या उंचीच्या सुरांत गाणारे पुरुष, तर मुख्यतः त्याच यंत्रणेवर गातात, आणि त्यांचा आवाज पोकळ नसतो. नवख्याचा फॉल्सेटो मात्र माइकशिवाय फार पोचत नाही, आणि चेस्टमधून त्यात जाताना सांधा दिसतो.

मिक्समध्ये पहिला स्नायू पकड सोडत नाही, फक्त सैलावतो, आणि दुसरा ताण वाढवत नेतो. यालाच काही शिक्षक हेड व्हॉइस म्हणतात, तर काही जण फॉल्सेटोला हेड म्हणतात. नावात अडकू नका, स्वतः तपासा: तार ग 'ऊ'वर अगदी हळू लावा, न थांबता मोठा करा आणि मींड घेत, म्हणजे न तुटता घसरत, मध्य प वर उतरा. वाटेत आवाज झटक्यात बदलला तर वर फॉल्सेटो होता. सलग उतरला तर मिक्स जमू लागलाय. 'आ' मात्र तिथे पूर्ण उघडू नका, किंचित 'ऑ'कडे झुकवा. बरीचशी ओरड तेवढ्यानेच जाते.

माझं मत विचाराल तर ओळ या सांध्यावरून सारखी ये-जा करत असेल तर मिक्सला पर्याय नाही, आणि तो यायला महिने लागतात. कार्यक्रम पुढच्या आठवड्यात असेल तर सरळ पट्टी अर्ध्या किंवा एका स्वराने उतरवा. आणि आवाजाचा घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर रियाज थांबवून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.