गेमिंग लॅपटॉप २१ महिने वापरून: खेळताना स्क्रीन काळी का पडायची

एप्रिलमधली रात्र. मी गेममध्ये गाडी चालवत होतो, धाकटा भाऊ शेजारी बसून रस्ता सांगत होता आणि स्क्रीन एकदम काळी झाली. इंजिनाचा आवाज मात्र चालूच. पाच-सहा सेकंदांनी तोही अडकला, एकच सूर घरघरत राहिला आणि पंखे पूर्ण वेगाने फिरायला लागले. पॉवरचं बटण दाबून धरलं तेव्हा कुठे लॅपटॉप बंद झाला.

दिवाळीत हप्त्यांवर घेतलेला हा लॅपटॉप तेव्हा १७ महिन्यांचा होता. वॉरंटी १ वर्षाची, म्हणजे ती संपूनही ५ महिने झालेले. शेवटचा हप्ता नुकताच फिटला होता, त्यामुळे त्या रात्री पोटात गोळाच आला. दिवसभर ऑफिसचं काम केलं, एक्सेल उघडं ठेवलं, व्हिडिओ पाहिले, तर काही होत नव्हतं. गेम लावला की वीस-पंचवीस मिनिटांत काळोख.

एका दुकानात नेला. त्यांनी चालू करून दोन मिनिटं पाहिला आणि सांगितलं, डिस्प्ले गेलाय, साडेअकरा हजार लागतील. मी हो म्हणायच्या बेतात होतो. थांबलो ते एकाच विचाराने: डिस्प्ले गेला असेल तर तो फक्त गेममध्येच कसा जातो?

घरी आल्यावर दोन गोष्टी केल्या, आणि कुणीही पैसे मोजण्याआधी या दोन कराव्यातच. स्क्रीन काळी झाली की खोलीतला दिवा घालवून मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून बघायचं. अंधुक चित्र दिसलं तर पडद्यामागचा उजेड गेलाय, चित्र शाबूत आहे. मला काहीच दिसलं नाही. मग एचडीएमआय केबलने घरातला टीव्ही जोडून गेम लावला. लॅपटॉप आणि टीव्ही एकाच क्षणी काळे झाले. म्हणजे पडद्याचा दोष नाही, चित्र पाठवणाराच थांबतोय. साडेअकरा हजार तिथेच वाचले.

नंतर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडला. तिथे लाल खुणेची ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली. ती बघून लोक लगेच चार्जर बदलायला धावतात. ती नोंद एवढंच सांगते की मशीन आधी नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. बटण दाबून मीच बंद केलं होतं, तर ती येणारच. कामाची नोंद त्याआधीच्या दिवसांत होती: ‘डिस्प्ले ४१०१’, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरने (चित्र काढणारं कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) उत्तर देणं थांबवलं आणि विंडोजने त्याला सावरलं. कार्डाकडून साधारण २ सेकंद उत्तर आलं नाही तर विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करतं. त्या दिवसांत खेळताना चित्र क्षणभर गोठून परत यायचं, ते मी दुर्लक्षित केलं होतं. लॅपटॉप आधीपासून सांगत होता.

सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी गरजेपुरतं सुरू होतं तो प्रकार) जुना ड्रायव्हर मुळापासून काढून नवा टाकला. एक अख्खी संध्याकाळ गेली, फरक शून्य.

मग एचडब्ल्यूइन्फो, हे आतलं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर, चालू ठेवून खेळलो. प्रोसेसर ९६ अंश, ग्राफिक्स ८७ अंश. काळोखाच्या आधी सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रं) ७० वरून ३८ वर घसरायच्या. आम्ही सिडकोत वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट स्लॅब. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो. पण आदल्या वर्षीही हेच ऊन होतं, हीच खोली होती आणि तेव्हा काही झालं नव्हतं. बदललं होतं ते लॅपटॉपच्या पोटात.

कॅनडा कॉर्नरजवळ एक दुरुस्ती करणारे काका आहेत. त्यांनी मला समोर बसवून मागचं झाकण उघडलं. पंख्याची पाती बऱ्यापैकी स्वच्छ होती. त्यांनी पंखा उचलला आणि त्यामागे, तांब्याच्या बारीक जाळीच्या तोंडाशी, धुळीची सलग पट्टी दिसली. गादीतल्या कापसासारखी घट्ट. चिमट्याने टोक धरून ओढली तर अखंड निघाली, बोटभर लांब. आमच्या गल्लीत चार महिने रस्ता खोदून ठेवला होता आणि मी लॅपटॉप गादीवर ठेवून खेळायचो. हवा आत घ्यायच्या फटी खालच्या बाजूला असतात, त्या गादी बंद करते. चिपवरची, उष्णता पुढे नेणारी पेस्ट सुकून भेगा पडलेल्या चुन्यासारखी झाली होती, नखाने सुटत होती. सफाई, नवी पेस्ट, सगळं मिळून ९०० रुपये.

त्याच रात्री, त्याच खोलीत, दीड तास खेळलो. ग्राफिक्स ७६ वर थांबलं. काळोख नाही.

एक त्रास उरलाच: मध्येच स्क्रीन एक-दोन सेकंद काळी होऊन परत यायची, आवाज अजिबात न तुटता. हा प्रकार वेगळाच होता. चार्जिंगच्या दिव्यावर नजर ठेवली तेव्हा कळलं. एक्स्टेन्शन बोर्डमध्ये पिन ढिली बसत होती. टेबल हललं की वीज तुटायची, लॅपटॉप बॅटरीवर जायचा आणि बॅटरी वाचवायला स्क्रीनचा वेग १४४ हर्ट्झवरून (सेकंदाला १४४ वेळा चित्र ताजं होणं) ६० वर आणायचा. त्या बदलात स्क्रीन क्षणभर काळी होते. आता चार्जर थेट भिंतीतल्या सॉकेटला आहे आणि हा वेग आपोआप बदलायची सोय मी बंद केली आहे.

बाकी लॅपटॉपबद्दल: कीबोर्ड अजून उत्तम, डब्ल्यू अक्षर थोडं पुसलंय. बॅटरी नवी असताना पाच तास चालायची, आता साडेतीन. स्पीकर बारीक आवाजाचे, हेडफोन हवाच. बिजागरी घट्ट आहे. मला हे यंत्र मनापासून आवडतं. राग आहे तो या गोष्टीचा की विकताना रॅम, फ्रेम, रंग सगळं सांगतात, पण वर्षाने आतून साफ करून घ्या हे कुणी सांगत नाही.

सफाईला आता चार महिने झाले. मे महिन्याच्या उन्हातही ग्राफिक्स ७९ च्या वर गेलं नाही. लॅपटॉप आता लाकडी पाटावर असतो, मागची बाजू दोन बोटं उचललेली. पुढची सफाई फेब्रुवारीत, ऊन चढायच्या आधी. भावाने भिंतीवरच्या कॅलेंडरचं शेवटचं पान उलटून मागे पेनाने लिहून ठेवलंय.