थिअरीच्या पेपरातली मेलडी आणि म्यूझस्कोअर : काय उपयोगी, कुठे जपायचं

पाश्चात्त्य संगीताच्या थिअरी परीक्षेत एक प्रश्न मुलांना हमखास अडवतो. सुरुवातीचे दोन बार (ठरावीक बीटांचे भाग) छापलेले असतात, वाद्य सांगितलेलं असतं आणि पुढची मेलडी आठ-दहा बारांत पुरी करायची असते. स्केल, इंटरव्हल पाठ करता येतात, हे पाठ करता येत नाही. त्यामुळे मुंबईत, पुण्यात, गोव्यात क्लासला जाणारी मुलं सरावासाठी म्यूझस्कोअर स्टुडिओ या नोटेशन लिहिण्याच्या सॉफ्टवेअरकडे वळतात. चौथी आवृत्ती डिसेंबर 2022 मध्ये आली. हे परीक्षण तिचंच आहे, तेही फक्त या एका प्रश्नापुरतं.

आधी अभ्यासक्रम तपासा. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाने पाचव्या ग्रेडच्या पेपरातून मेलडी रचण्याचा प्रश्न 2018 पासून काढून टाकला. जुन्या पुस्तकांत आणि क्लासच्या झेरॉक्समध्ये तो धडा अजून आहे. पाचवीच देणार असाल तर त्यावर महिने घालवू नका. वरच्या ग्रेडला जाणाऱ्यांनी मात्र तो जरूर करावा.

सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. गोंधळ संकेतस्थळांचा होतो. म्यूझस्कोअर डॉट ऑर्गवरून प्रोग्रॅम उतरवायचा. डॉट कॉम ही लोकांनी टाकलेली नोटेशन्स वाटून घेण्याची जागा आहे आणि तिथे पैसे भरून घ्यायची वर्गणी असते. मेलडी लिहायला तिची गरज नाही, त्यामुळे कार्डाचा नंबर मागणारं पान दिसलं तर तुम्ही चुकीच्या जागी आहात असं समजा. म्यूझ साउंड्स नावाचे चांगले आवाजही फुकट मिळतात, पण एकट्या व्हायोलिनच्या आठ बारांसाठी त्या जड फाइली उतरवायचं कारण नाही.

पहिलं काम, प्रेफरन्सेसमध्ये भाषा ब्रिटिश इंग्रजी करा. नाहीतर क्रोचेट (एक मात्रा), क्वेव्हर (अर्धी मात्रा) आणि बारच्या जागी अमेरिकी नावं दिसत राहतात आणि पेपरातले शब्द परके वाटायला लागतात.

लिहिणं सोपं आहे. ‘एन’ दाबला की नोट इनपुट सुरू. 4 म्हणजे क्वेव्हर, 5 म्हणजे क्रोचेट, 6 म्हणजे मिनिम (दोन मात्रा), टिंब दाबलं की डॉटेड, म्हणजे दीडपट. सुराचं अक्षर थेट टाइप करायचं. 0 म्हणजे रेस्ट (विराम). स्लरला (सलग वाजवायच्या सुरांवरची कमान) ‘एस’, टायला (एकाच सुराच्या दोन नोटांची जोडणी) ‘टी’. दोन संध्याकाळी बसलात तर बोटं सरावतात.

नवा स्कोर उघडताना बारांची संख्या 32 असते, ती 8 करा. सुरावट अपबीटने, म्हणजे पहिल्या पूर्ण बाराआधीच्या सुरांनी (पिकअप), सुरू होत असेल तर त्याची सोय तिथेच आहे, पण शेवटचा बार सॉफ्टवेअर आपणहून लहान करत नाही. पेपरात मात्र पिकअपमध्ये वापरलेले बीट शेवटच्या बारातून वजा झालेले हवेत. बारवर राइट क्लिक करून बार प्रॉपर्टीजमध्ये प्रत्यक्ष लांबी बदलावी लागते. 3/4 मध्ये एका क्रोचेटचा पिकअप असेल तर शेवटचा बार 2/4 इतकाच.

क्लॅरिनेटसाठी लिहिणाऱ्यांची फसगत इथेच होते. बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिलेल्यापेक्षा एक टोन खाली वाजतो, आणि नवा स्कोर करताना निवडलेली ‘की’ (स्वरपट्टी) कॉन्सर्ट पिचमधली, म्हणजे प्रत्यक्ष ऐकू येणारी, धरली जाते. प्रश्नात बी फ्लॅट क्लॅरिनेटला डी मेजर छापलेलं असेल आणि तुम्ही डी मेजर निवडलंत, तर पानावर ई मेजर येतं. डी मेजर दिसायला सी मेजर निवडायचं आणि ‘कॉन्सर्ट पिच’चं बटण बंद आहे ना ते पाहायचं.

एक सोय फार मोलाची आहे. वाद्याच्या पल्ल्याबाहेरचा सूर रंगीत दिसतो. व्हायोलिनच्या सगळ्यात खालच्या जी तारेखाली गेलात तर नोट लाल होते. परीक्षेत अशा सुराला मार्क जातात आणि कागदावर लिहिताना ते लक्षात येत नाही.

आता जिथे हे सॉफ्टवेअर नुकसान करतं ते. बार कधीच चुकत नाही, कारण उरलेली जागा ते रेस्टने भरून काढतं. विद्यार्थी मोजायचं विसरतो. उलट बारातल्या सुरांच्या गटबांधणीतली चूक मात्र निमूटपणे चालवून घेतं. 6/8 मध्ये तिसऱ्या क्वेव्हरवर क्रोचेट टाकलात तर तो जसाच्या तसा बसतो. पेपरात ही चूक आहे. क्रोचेट बाराच्या मध्याला ओलांडतो, म्हणून तिथे दोन क्वेव्हर टायने जोडायला हवेत. बाणांच्या किल्ल्यांनी सूर वर-खाली केला तर स्पेलिंगही, म्हणजे सुराचं लिहिलेलं नावही, बिघडू शकतं. जी मायनरचा लीडिंग नोट (सातवा सूर) एफ शार्प हवा तिथे जी फ्लॅट येतो, आवाज तोच, मार्क शून्य. ‘जे’ दाबून बदलता येतं, पण आधी ते दिसायला तर हवं.

सगळ्यात वाईट सवय प्लेबॅकची. दर दोन सुरांनी स्पेसबार दाबून ‘बरं वाटेल तोवर’ बदलत राहिलं तर आठ बार पुरे होतात, कान मात्र तयार होत नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये ऐकवणारं कुणी नसतं.

म्हणून क्रम उलटा ठेवा. समजा जी मेजर, 3/4, व्हायोलिन. दिलेले बार असे : जी क्रोचेट, ए-बी क्वेव्हर, वरचा डी क्रोचेट, मग बी मिनिम आणि क्रोचेट रेस्ट. आधी पेन्सिलीने फक्त दोन मुक्काम ठरवा, चौथ्या बारला ए (डॉमिनंट, म्हणजे पाचव्या सुरावरच्या कॉर्डचा सूर) आणि आठव्याला जी. मग मधलं भरा. तिसऱ्या बारात तीच लय, पण उतरती : ई, डी-सी, बी. चौथ्यात ए मिनिम आणि रेस्ट. पाचव्यात पहिला बार एक पायरी वर : ए, बी-सी, ई. अलंकार घोटलेल्यांना ही सीक्वेन्स (तीच आकृती दुसऱ्या सुरावरून) लगेच जमते, पण सलग तीन वेळा केली की रटाळ होते, एकदाच पुरे. सहाव्यात शिखर, वरचा जी मिनिम आणि एफ शार्प. सातव्यात ई, मग सी-ए क्वेव्हर, खालचा एफ शार्प. आठव्यात जी डॉटेड मिनिम. बाहेरून काही आणलेलं नाही, सगळं त्या दोन बारांतूनच निघालं आहे. परीक्षक शोधतो ते हेच.

जी मायनरमध्ये लिहिताना ई फ्लॅटवरून थेट एफ शार्पवर चढू नका. ती ऑगमेंटेड सेकंड (तीन सेमिटोनची उडी) कानाला बोचते. चढताना ई नॅचरल घ्या.

कागदावर पुरं झाल्यावरच सॉफ्टवेअरमध्ये उतरवा आणि एकदाच सलग ऐका. मनात ऐकलेलं आणि वाजलेलं जिथे जुळत नाही त्या बारावर खूण करा, बदल पुन्हा कागदावर करा. टेम्पो, डायनॅमिक्स (आवाजाच्या चढउताराच्या खुणा), स्लर, श्वासाची खूण हे पॅलेटमधून ओढून टाकणं फार सोपं असल्यामुळे मुलं पान भरून टाकतात. सुरुवातीला एक टेम्पो आणि एक डायनॅमिक, शिखराकडे क्रेशेंडो (वाढता आवाज), वाद्याला शोभतील असे स्लर, एवढं हवं. श्वासाची खूण व्हायोलिनला नको, बासरीला हवी.

सरावपत्रिका छापायला तर याच्यासारखं दुसरं साधन नाही. सुरुवातीचे दोन बार टाइप करा, उरलेल्या सहा बारांतले रेस्ट निवडून ‘व्ही’ दाबा, म्हणजे ते छापले जाणार नाहीत. पेज सेटिंग्जमध्ये स्टाफ स्पेस दोन मिलिमीटर करा, पेन्सिलीला जागा मिळते. मग पीडीएफ काढा. शिक्षकांनी वेगवेगळ्या की आणि टाइम सिग्नेचरचे संच करून ठेवले तर वर्षभर पुरतात.

मोबाइलवरचं ॲप घेऊन मात्र काही होणार नाही. त्यात स्कोर बघता आणि ऐकता येतात, लिहिता येत नाहीत. घरात कॉम्प्युटर नसेल तर मॅन्युस्क्रिप्टची वही आणि एखादा साधा कीबोर्ड यावर तयारी पुरी होते.