कॉलेज फुटबॉल प्लेऑफ: मॅचेस पैसा वसूल, टीम निवडायची पद्धत मात्र अडीच स्टार

हे अमेरिकन फुटबॉल, आपलं पायाने खेळायचं नाही, आणि प्लेऑफ म्हणजे सीझनच्या शेवटी निवडक कॉलेज टीमची नॉकआउट. मॅचेसबद्दल तक्रारच नाही. २०२४ च्या सीझनपासून ४ च्या १२ टीम झाल्या, पहिला राउंड कॉलेजच्या स्वतःच्या स्टेडियममध्ये होतो, टीव्हीवरसुद्धा तो माहोल कळतो. त्याला पूर्ण मार्क. अमेरिकेत शंभराच्या वर कॉलेजं या लेव्हलला खेळतात, प्रत्येकाच्या जेमतेम १२-१३ मॅच, त्यामुळे निम्म्याहून जास्त टीम एकमेकींचं तोंडही बघत नाहीत. मग १३ जणांची कमिटी बसते आणि रँकिंग लावते. इथेच सगळा आनंदीआनंद आहे.

सगळ्यात वैताग म्हणजे हे रँकिंग जाहीर करणारा मंगळवारचा टीव्ही शो. परीक्षा चालू असतानाच दर आठवड्याला मेरिट लिस्ट लावायची कोणाला हौस असते? २०२५ चंच बघा. ३१ ऑगस्टला मायामीने नोटर डेमला २७-२४ हरवलं, शेवटी दोघांचं रेकॉर्ड १०-२. तरी नोव्हेंबरपासून प्रत्येक मंगळवारी नोटर डेम वर, मायामी खाली. शेवटच्या वीकेंडला दोघंही खेळले नाहीत आणि रविवारी नंबर उलटे, मायामी आत, नोटर डेम बाहेर! का, तर रँकिंगमध्ये दोघांच्या मधे असलेली बीवाययू (ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी) हरून खाली गेली, मग दोघं शेजारी आले आणि तेव्हा कुठे कमिटीला ती ऑगस्टची मॅच आठवली. अहो निर्णय बरोबरच होता, मायामी पुढे थेट फायनलला गेली, पण मग आधीचे इतके आठवडे नोटर डेमवाल्यांना आशेला का लावलं? आणि बीवाययू ३४-७ हरली म्हणून घसरली, त्याच दिवशी अलाबामा २८-७ हरली ती मात्र नवव्या नंबरवर जशीच्या तशी. याला काय म्हणायचं?

दुसरा लोचा कमिटीच्या "बेस्ट टीम" निवडायच्या नादाचा. २०२३ ला फ्लोरिडा स्टेट १३-०, कॉन्फरन्स (म्हणजे कॉलेजांची लीग) चॅम्पियन, तरी बाहेर, कारण क्वार्टरबॅक (टीमचा अटॅक चालवणारा मुख्य प्लेअर) जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला होता. म्हणजे पुढे काय होईल याचा अंदाज बांधून जिंकलेल्या मॅचेस पाण्यात. आणि २०१४ ला ओहायो स्टेटने तिसऱ्या पसंतीच्या क्वार्टरबॅकला घेऊन ट्रॉफी उचलली होती, तेव्हा याच सिस्टीमने त्यांना आत घेतलं होतं की! (फ्लोरिडा स्टेट नंतर ऑरेंज बोल ही प्लेऑफबाहेरची मॅच ६३-३ ने हरले ते सांगू नका, त्यांचे बरेचसे प्लेअर उतरलेच नव्हते.)

एक गोष्ट मात्र सुधारली. २०२४ ला कॉन्फरन्स चॅम्पियन आहे म्हणून नवव्या रँकच्या बॉईझी स्टेटला थेट बाय (पहिला राउंड न खेळता पुढे) मिळाला, तसे बाय मिळालेल्या चारही टीम पहिल्याच मॅचला उडाल्या, मग २०२५ पासून सरळ रँकिंगप्रमाणे सीडिंग, म्हणजे प्लेऑफमधले क्रम. १२ पैकी पाच जागा कॉन्फरन्स चॅम्पियनना राखीव आहेत, त्या काढा म्हणणारे खूप आहेत, मला पटत नाही. २०२५ ला असेच आत आलेले तुलेन, जेम्स मॅडिसन हरले ठीक आहे, पण छोट्या कॉलेजला जिंकून आत यायचा एवढाच तर रस्ता आहे. तोही बंद करून मोठ्या कॉन्फरन्सचा चौथा-पाचवा नंबर बघायचा?

माझं ऐकाल तर शो बंद करा, लिस्ट एकदाच लावा, कोण चांगला वाटतो ते सोडून कोणी कोणाला हरवलं ते बघा, रेकॉर्ड सेम असेल तर आपसातली मॅच पहिली. नवीन बघणाऱ्यांनी मंगळवारची रात्र झोपून काढा, डिसेंबरमध्ये पहिल्या राउंडपासून बसा.