‘मांगा प्लस’: रविवारी रात्री साडेआठ वाजता उघडणारे साप्ताहिक

टोकियोत सोमवार सुरू होतो तेव्हा आपल्याकडे रविवारचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. त्याच वेळी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, छापणाऱ्या ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकाचा नवा अंक तिकडे डिजिटल रूपात खुला होतो आणि त्यातील बहुतेक मालिकांचे इंग्रजी चॅप्टर ‘मांगा प्लस’ या ॲपवर येतात. आमच्या घरी रविवारी रात्री खिचडीचा बेत असतो. कुकरची शिट्टी आधी होणार की नव्या चॅप्टरची सूचना आधी वाजणार, यावर त्या दिवशी ताट किती वाजता वाढले जाईल हे ठरते. इतकी वर्षे हे ॲप अशा निष्ठेने वापरल्यावर त्याचे गुणदोष नीट मांडावेत असे वाटले, म्हणून हे परीक्षण.

‘मांगा प्लस’ २८ जानेवारी २०१९ रोजी सुरू झाले. ते चालवणारी ‘शुएइशा’ म्हणजे १९६८ पासून ‘जंप’ काढणारी प्रकाशनसंस्थाच होय. जपान, चीन आणि दक्षिण कोरिया हे देश वगळून ते जगभर उपलब्ध झाले, त्यामुळे भारतालाही पहिल्या दिवसापासून प्रवेश मिळाला. या गोष्टीचे महत्त्व जुन्या चाहत्यांना वेगळे सांगायला नको. एरवी जपानी प्रकाशक एका देशातील किंवा एका भाषेतील हक्क परक्या कंपनीला विकतो, ती कंपनी आपल्या सोयीच्या बाजारांपुरतीच सेवा उघडते, आणि भारतातील वाचकाला ‘ही सेवा आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही’ एवढी एक ओळ वाचून परत फिरावे लागते. कोदांशा या दुसऱ्या मोठ्या प्रकाशकाचे ‘के मांगा’ हे ॲप मे २०२३ मध्ये आले, तेसुद्धा सुरुवातीला केवळ अमेरिकेसाठीच होते. ‘मांगा प्लस’मध्ये मात्र प्रकाशक आणि वाचक यांच्यामध्ये परवानाधारक मध्यस्थच नाही.

अर्थात याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते. येथे मिळेल ते फक्त शुएइशाचे. ‘फ्रीरेन’ शोधले तर काहीच सापडणार नाही, कारण ती शोगाकुकान या वेगळ्या प्रकाशकाची मालिका आहे. ‘अटॅक ऑन टायटन’ सापडणार नाही, कारण ती कोदांशाची. शिवाय एखाद्या मालिकेचा मांगा येथे असला, तरी तिचा ॲनिमे, म्हणजे तिच्यावरची ॲनिमेशन मालिका, कोठे पाहायला मिळेल याच्याशी या ॲपचा काहीही संबंध नसतो, कारण ॲनिमेचे हक्क सहसा अनेक कंपन्यांच्या निर्मिती समितीकडे असतात आणि त्यांचे सौदे वेगळे होतात.

आता मुख्य मुद्दा. मोफत वाचकाला प्रत्येक चालू मालिकेचे पहिले तीन आणि शेवटचे तीन चॅप्टर नेहमी खुले असतात. आपल्यापैकी अनेकांचा भ्रमनिरास येथेच होतो. जुलै १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘वन पीस’चे अकराशेहून अधिक चॅप्टर झाले आहेत, म्हणजे नव्या वाचकाला नायक लुफीने टोपी डोक्यावर घातलेली दिसते आणि त्यानंतर एकदम हजाराहून अधिक चॅप्टरांच्या दरीपलीकडचा गोंधळ दिसतो. माझ्या मते हा दोष मानण्याआधी योजनेचा हेतू समजून घ्यावा. हे ॲप ग्रंथालय म्हणून बांधलेले नसून साप्ताहिक म्हणून बांधलेले आहे. पहिले तीन चॅप्टर वाचून मालिका आवडते की नाही ते ठरवायचे, आणि नवी मालिका असेल तर तिच्या जन्मापासून दर आठवड्याला सोबत चालायचे, अशी ही रचना आहे. साप्ताहिक मालिकेत तीन चॅप्टर म्हणजे तीन आठवड्यांची सवलत. परीक्षा, लग्नसराई किंवा गणपती यांत चौथा आठवडा गेला की एक चॅप्टर हातचा गेला. नववर्ष, मे महिन्यातला ‘गोल्डन वीक’ हा सुट्ट्यांचा आठवडा आणि ऑगस्टमधला ओबोन हा पितरांचा सण या काळात ‘जंप’ला सुटी असते, तेव्हा ही मुदत आपोआप थोडी लांबते. मधले काही चॅप्टर ॲपमध्ये एकदाच मोफत वाचता येण्याची सोय बऱ्याच मालिकांना आहे, पण ती एकदाच असल्याने झोपेत पाने उलटू नयेत, एवढी काळजी घ्यावी.

पैसे मोजण्याची तयारी असेल तर २०२३ पासून ‘मांगा प्लस मॅक्स’ ही वर्गणी आहे. सुरू होताना तिचे जाहीर दर साध्या प्रकारासाठी महिना १.९९ डॉलर आणि ‘डिलक्स’साठी ४.९९ डॉलर असे होते. पहिल्यात चालू मालिका पूर्ण उघडतात, दुसऱ्यात संपलेल्या मालिकाही मिळतात. भारतीय वाचकाकडे मात्र आणखी एक पर्याय आहे. शुएइशा आणि शोगाकुकान यांच्याच मालकीच्या ‘व्हिज मीडिया’चे ‘शोनेन जंप’ हे ॲप मोजक्या देशांत चालते आणि त्यांत भारत आहे. तेथे अल्प वर्गणीत दिवसाला १०० चॅप्टर वाचता येतात, म्हणजे ‘वन पीस’ पहिल्यापासून वाचायचे म्हटले तर डोळ्यांची पर्वा न करता अकरा-बारा दिवस. तेथे चॅप्टर उतरवून ठेवण्याचीही सोय आहे, आणि पुणे-मुंबई गाडीने जाणाऱ्याला बोरघाटातल्या बोगद्यांमध्ये तिची किंमत कळते. तेव्हा मागचे सारे वाचून काढायचे असेल त्याने व्हिजचे ॲप घ्यावे आणि चालू मालिकेबरोबर राहायचे असेल त्याने ‘मांगा प्लस’ ठेवावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. ‘डिलक्स’ची गरज बहुतेकांना पडणार नाही.

वाचनाचा अनुभव चांगला आहे. पाने जपानी पद्धतीने उजवीकडून डावीकडे सरकतात; हवे तर वरून खाली ओढत वाचण्याचा पर्यायही आहे, पण तो मी कोणालाही सुचवणार नाही, कारण दोन पानांवर पसरलेले मोठे चित्र त्यात दुभंगते. अशा चित्रासाठी फोन आडवा धरावा. इंग्रजी अनुवाद बऱ्याच मालिकांत व्हिजचाच असतो आणि तो सफाईदार असतो, परंतु त्याबरोबर व्हिजचे जुने हट्टही येतात. ‘वन पीस’मधला तीन तलवारी चालवणारा झोरो या अनुवादात ‘झोलो’ असतो, आणि ते नाव वाचताना मराठी माणसाला ‘झोल’ आठवल्याशिवाय राहत नाही. हा झोल इतक्या वर्षांत कोणी निस्तरलेला नाही.

या ॲपने मला दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे ‘अकाने-बानाशी’. युकी सुएनागा यांची कथा आणि ताकामासा मोउए यांची चित्रे असलेली ही मालिका फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘जंप’मध्ये सुरू झाली. तलवारी आणि राक्षस यांच्या गर्दीत ही गोष्ट आहे राकुगोची, म्हणजे एकट्याने मंचावर बसून कथा सांगण्याच्या कलेची. अकानेचे वडील ‘शिन’उची’ या सर्वोच्च दर्जाच्या परीक्षेला बसतात आणि परीक्षक गुरू त्यांना थेट घराण्यातून काढून टाकतात. ते दृश्य मुलीच्या डोळ्यांसमोर घडते. पुढे ती स्वतः तीच कला शिकायला निघते. राकुगोचा कलावंत उशीवर गुडघे मोडून बसतो, त्याच्याकडे एक पंखा आणि एक हातरुमाल एवढाच संसार असतो. मिटलेला पंखाच कधी नूडल्स खाण्याच्या काड्या होतो, तर कधी चिलीम. मान डावीकडे वळली की एक पात्र, उजवीकडे वळली की दुसरे. आपल्याकडे ज्यांनी रंगलेले कीर्तन किंवा कथाकथन ऐकले आहे, त्यांना ही मान वळवण्याची जादू समजावून सांगावी लागत नाही. ‘जुगेमु’ या पारंपरिक कथेत एका मुलाचे नाव इतके लांबलचक असते की ते दर वेळी पूर्ण म्हणण्यातच सगळी गंमत असते. अकाने ही कथा स्पर्धेत सादर करते तेव्हा छापील पानावर, आवाजाशिवाय, तिची लय ऐकू येते. चित्रकाराची ही करामत मी फोनवर दोनदा वाचली आणि मग टॅबलेटवर तिसऱ्यांदा वाचली.

आता थोडे घरचे. नाशिकला राहणारा माझा भाचा या सर्वाला हसतो. “मामा, मी तर गुरुवारीच वाचलं,” असे तो दर आठवड्याला ऐकवतो. छापील अंक सोमवारच्या आधी दुकानांकडे रवाना होतात, वाटेत कोणीतरी तो फोडतो, पानांची छायाचित्रे काढतो आणि दोन दिवसांत कच्चा इंग्रजी अनुवाद फिरू लागतो. हा अनुवाद आणि अधिकृत अनुवाद शेजारी ठेवून मी त्याला एकदा दाखवले. एका संवादात कोण कोणाला धमकावते आहे हेच कच्च्या अनुवादात उलटे झाले होते, आणि भाचा चार दिवस त्या चुकीच्या धमकीवर मित्रांशी वाद घालत बसला होता.

छापील प्रतींची गोष्ट आणखी वाईट. मूळ इंग्रजी खंडाला चारशे रुपयांच्या आसपास पडतात, आणि शंभराहून अधिक खंडांची मालिका घ्यायची तर हिशेब चाळीस हजारांपुढे जातो. म्हणून मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून दीडशे रुपयांना खंड मागवला. काळी शाई राखाडी उतरली होती, बांधणीकडची अक्षरे पुस्तकाने गिळली होती आणि कण्यावरचे नाव अर्ध्या बोटाने मुखपृष्ठावर सरकले होते. चोरटी छपाई कशी दिसते ते दीडशे रुपयांत कळले. या अनुभवानंतर वर्गणीचे पैसे मला जड वाटेनासे झाले.

एक तक्रार मात्र मनात आहेच. ‘मांगा प्लस’वर इंग्रजीबरोबर स्पॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज, जर्मन, रशियन, इंडोनेशियन, थाई आणि व्हिएतनामी या भाषा आहेत, हिंदी नाही, तमिळ नाही, मग मराठीचे नाव कोठून येणार? ॲनिमेला हिंदी, तमिळ, तेलुगू आवाज मिळू लागले आहेत, पण या ॲपवर मांगातील संवादाचा फुगा अजून देवनागरीत भरलेला नाही. ‘अकाने-बानाशी’तील गुरू-शिष्यांचे आदरार्थी बोलणे इंग्रजीत सपाट होते, मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांवर ते सहज पेलले गेले असते.

गेल्या रविवारी आठ चाळीसला भाच्याचा फोन आला. “मामा, अकाने वाचलीस का?” मी विचारले, ही गुरुवारी नाही वाचलीस? तर म्हणाला, “ती नाही. ती रविवारीच वाचतो. वन पीस मात्र झालं वाचून.”