हायवेवर हँडल थरथरतंय: आधी डॅम्पर की आधी कोनसेट?

इलेक्ट्रिक मोटरसायकलचं हँडल सत्तर-ऐंशीला थरथरायला लागलं की सल्ले दोनच येतात. एक म्हणतो, स्टीअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलचे झटके दाबणारा छोटा शॉकअप, लावा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगची जोडी, उघडा, त्यातले गोळ्यांचे बॉलरेसर काढा आणि निमुळत्या रोलरचं टेपर बेअरिंग टाका. आमच्या घरात दोन्ही झालंय. माझी आणि दाजींची गाडी एकाच मॉडेलची, दोघांनाही हाच त्रास. दाजींनी डॅम्पर घेतला, मी कोनसेट बदलला. मग बरेच दिवस आम्ही गाड्या आलटून पालटून चालवल्या. हाताला जे जाणवलं तेच इथे लिहितोय. तुमची गाडी, तुमचं वजन आणि तुमचा रस्ता वेगळा असेल, तर थोडं इकडे-तिकडे होईल.

टायरची हवा, रिमचा आउट (वाकडेपणा), अ‍ॅक्सलचा नट हे तुम्ही बघितलेलं आहे असं धरून चालतो. पुढच्या टायरवरून तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवून बघितला नसेल, तर तेवढं मात्र आधी करा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं, तर टायर विषम झिजलाय. मग डॅम्पर आणि कोनसेट दोन्ही बाजूला ठेवून टायर बदला.

खर्चाआधी एक गोष्ट ठरवून घ्यायला हवी, की नेमकं काय हलतंय? १९७१ मध्ये रॉबिन शार्प यांनी मोटरसायकलच्या स्थिरतेचं गणित मांडलं, तेव्हापासून वॉबल आणि वीव्ह हे दोन प्रकार वेगळे धरले जातात. वॉबलमध्ये फक्त पुढचा भाग, म्हणजे हँडल आणि चाक, झपाट्याने डावी-उजवीकडे मारतं, सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा. वीव्हमध्ये अख्खी गाडी संथपणे नागमोडी डुलते, सेकंदाला दोन-तीन वेळा, आणि ते सीटखाली जास्त कळतं. वीव्हचा संशय मागच्या बाजूवर घ्यावा: स्विंगआर्मचे बुश, मागचा शॉकअप, मागचा टायर, आणि सर्वात आधी मागे लावलेली टॉप बॉक्स. डॅम्पर वॉबल दाबतो, वीव्ह नाही. उलट तो फार घट्ट केला तर वीव्ह वाढू शकतो. त्यामुळे डुलणाऱ्या गाडीवर डॅम्पर लावायला निघाला असाल तर इथेच थांबा.

इलेक्ट्रिक गाडीत आणखी एक भर पडते ती रीजेनची. थ्रॉटल सोडला की मोटर मागचं चाक धरून वेगातली ऊर्जा बॅटरीत परत घेते, तेच रीजेन, आणि वजन पुढे सरकतं. पेट्रोल गाडीच्या इंजिन ब्रेकिंगनेही हे होतं, पण जोरदार रीजेनमध्ये ते फार ठळक होतं. आम्हा दोघांचीही थरथर थ्रॉटल सोडतानाच सुरू व्हायची, पंचाहत्तरवरून साठवर येताना. म्हणून मोकळ्या सरळ रस्त्यावर, ८० च्या मर्यादेत, दोन्ही हात हँडलवर ठेवून एकदा रीजेन सर्वात कमी आणि एकदा सर्वात जास्त ठेवून बघा. जास्त रीजेनलाच हँडल मारत असेल, तर माझा संशय पुढच्या टायरवर नाहीतर कोनसेटवर जाईल. थरथर वाढलीच तर हँडल आवळून धरू नका आणि ब्रेक दाबू नका. गुडघ्यांनी गाडी धरा आणि वेग हळूहळू उतरू द्या. थ्रॉटल एकदम सोडला तर रीजेन झटका देतं, हे या गाड्यांवर विशेष लक्षात ठेवायचं.

आता डॅम्पर. श्रेय द्यायचं तिथे द्यायलाच हवं: फरक पहिल्याच फेरीत कळतो. सारोळ्याच्या पुढे नीरेच्या पुलावर आडवा वारा येतो, शेजारून ट्रक जातो, तिथे दाजींची गाडी रुळावर असल्यासारखी गेली. खड्ड्यातून निघताना हँडलला बसणारा फटका तो छान गिळतो. दाजी रोज साताऱ्याहून शिरवळला कामाला जातात, जवळजवळ सगळा हायवे. त्यांना तो का आवडला, हे मला तिथे पटलं.

पण तीच गाडी घेऊन मी पुण्यात शिरलो आणि माझा निर्णय तिथेच झाला. कात्रजच्या चौकात, पुढे स्वारगेटला, गाड्या चालण्याच्या वेगाने सरकत असतात. त्या वेगात आपण हँडल सतत बोटभर इकडे, बोटभर तिकडे करून तोल सांभाळतो, आणि ते आपोआप मधे यायला हवं असतं. डॅम्पर ते येऊ देत नाही. हँडल जिथे नेलं तिथेच रेंगाळतं, मग आपण ते परत ओढतो, जरा जास्त ओढलं जातं, आणि पाय टेकवावा लागतो. पेट्रोल गाडीत अशा वेळी अर्धा क्लच धरून सावरता येतं. आपल्या गाडीला क्लचच नाही. त्या वेगात तोल सांभाळायला थ्रॉटल आणि हँडल एवढंच हाताशी, आणि त्यातलं एक डॅम्परने जड केलेलं. रिक्षा आणि बसच्या मधल्या फटीत हे फार त्रासाचं होतं.

क्लिक, म्हणजे डॅम्परचा घट्टपणा ठरवणारे टप्पे, सैल करा की, असं कुणी म्हणेल. करता येतं. पण शहराला बरं वाटेल इतकं सैल केलं की हायवेवर थरथर परत येते. म्हणजे जाताना खेड शिवापूरच्या टोलनाक्यापाशी थांबून क्लिक घट्ट करायचे आणि येताना पुन्हा तिथेच सैल करायचे. घट्ट क्लिक विसरून मंडईच्या गल्लीत शिरलात तर मनगटं भरून येतात. महिन्यातून एकदा लांब जाणाऱ्याला हे चालून जाईल. मला रोज गावात फिरायचं असतं, मला ते चालेना.

शिवाय दाजींच्या गाडीचं मूळ दुखणं तसंच होतं. पुढचं चाक उचलून हँडल अगदी सावकाश फिरवलं, की बरोबर मध्यावर एक बारीक खाच लागायची. हे तपासायचं तर डॅम्पर सोडवून ठेवावा लागतो. तो लावलेला असताना त्याच्या चिकट हालचालीत ती खाच बोटांना कळतच नाही. दुखणं वाढत राहतं आणि आपल्याला गाडी ठणठणीत वाटते, हे मला सर्वात खटकतं.

कोनसेटची बाजू कमी आकर्षक आहे. अर्धा दिवस जातो, हँडल, टी (पुढचे शॉकअप धरणारा भाग), पुढचे शॉकअप सगळं उतरवावं लागतं. चाक उचलताना जॅक बॅटरीच्या पेटीखाली लावू देऊ नका, फ्रेमला आधार द्यायला सांगा. आमच्या मेकॅनिकने खालची वाटी ग्रीस पुसून उजेडात धरली, तेव्हा बॉल जिथे बसतात तिथे ओळीने ठसे दिसले, नखाला अडकतील एवढे खोल. हायवेवर हँडल बहुतेक वेळ सरळच असतं, त्यामुळे खड्ड्यांचे सगळे घाव त्याच त्याच जागी बसतात. ठसे पडले की हँडल मध्याच्या खाचेत बसतं, तिथून सुटतं, पुन्हा बसतं. हे ठसे नट आवळून जात नाहीत, उलट खाच आणखी जाणवते.

टेपर बेअरिंगमध्ये बॉलच्या टेकणाऱ्या टोकाऐवजी रोलरची अख्खी कड टेकते, म्हणून भार पसरतो आणि असे ठसे सहजी पडत नाहीत. सगळा खेळ नटाच्या आवळण्याचा आहे. सैल राहिला तर ब्रेक मारल्यावर टक असा आवाज येतो आणि थरथर परत येते. जास्त आवळला तर गावात गाडी डॅम्पर लावल्यासारखीच डुगडुगते. चाक अधांतरी असताना हँडलला हलका धक्का दिला की ते स्वतःच्या वजनाने एका बाजूला पडायला हवं, आणि शॉकअपची खालची टोकं धरून पुढे-मागे ओढली तर खेळ लागता कामा नये. या दोन्ही गोष्टी जुळेपर्यंत मेकॅनिकला सोडू नका. सी-स्पॅनरऐवजी छिन्नी-हातोडीने नट फिरवणारा असेल, तर दुसरा मेकॅनिक शोधा.

माझी थरथर त्यानंतर गेली. आडव्या वाऱ्यात माझी गाडी दाजींच्या गाडीइतकी शांत नाही, हे मान्य. पण जे काही हलतं ते मला हाताला कळतं आणि गावात हँडल मोकळं असतं. पैशाचं म्हणाल, तर आम्हाला डॅम्पर आणि त्याचा ब्रॅकेट मिळून कोनसेटच्या कैक पट पडला. फ्रेमला भोक पाडून किंवा वेल्डिंग करून ब्रॅकेट बसवणारे असतात, ते करू देऊ नका, वॉरंटीचा प्रश्न येतो.

डॅम्पर निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. ताकदवान गाड्यांना तो कंपनीतूनच लागून येतो, आणि ट्रॅकवर जाणाऱ्याला तो हवाच. पुढचा भाग पूर्ण निरोगी असूनही हँडल मारत असेल, आणि तुमचं बहुतेक फिरणं हायवेवर असेल, तर जरूर घ्या. तुम्ही शहरात राहत असाल आणि एकाच गोष्टीचे पैसे असतील, तर मी आधी कोनसेट म्हणेन.

दाजींनी डॅम्पर ठेवलाय. पण मधल्या काळात त्यांनीही टेपर टाकून घेतलं, आणि आता क्लिक जवळजवळ पूर्ण सैल ठेवून ते शिरवळला जातात. तुम्ही टेपर टाकलंत तर पाचशेएक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्या. नवीन वाट्या जागेवर बसल्या की थोडा खेळ येतोच, आणि मेकॅनिक ते आपणहून सांगत नाहीत.